रेणूतील शेजार

दुधाला जी मंद गोडी असते ती दुग्धशर्करेची होय. या शर्करेच्या प्रत्येक रेणूत दोन साध्या शर्करा एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यांतली एक ग्लुकोज आणि दुसरी गॅलॅक्टोज. सुट्या केल्या तर दोघींचे रासायनिक सूत्र एकच येते. सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन. फरक आहे तो केवळ चौथ्या कार्बनवरील घटकांच्या दिशेचा. एकीत तेथील हायड्रोजन व हायड्रॉक्सिल गट ज्या बाजूंस असतात, त्याच्या उलट बाजूंस ते दुसरीत असतात. एवढ्याशा फरकाला महत्त्व ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु जन्मतःच ज्या अर्भकाच्या शरीरात गॅलॅक्टोज पचवून तिचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करण्याची यंत्रणा अधुरी असते, त्याला आईचे दूधही घातक ठरते. एका कार्बनवरील एका हाताच्या दिशेवर जीवनमरणाचा प्रश्न अवलंबून असू शकतो.

ही दिशा ओळखायची कशी? 1891 मध्ये एमिल फिशर या जर्मन रसायनज्ञाने ग्लुकोजची अंतर्गत रचना ठरवली, तेव्हा त्याच्याजवळ परीक्षानळ्या, फेनिलहायड्रॅझिन नावाचे एक द्रव्य आणि असामान्य तर्कबुद्धी एवढेच भांडवल होते. एका शर्करेपासून दुसरी करावयाची, दोघींपासून एकच स्फटिक मिळतो काय ते पाहावयाचे आणि त्यावरून एकेक पर्याय बाद करीत जावयाचे, अशी त्याची रीत. 1902 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते उचितच झाले. पण त्या रीतीला वर्षे लागत आणि द्रव्यही मुबलक लागे. आज हेच काम काही मिलिग्रॅम शर्करा पाण्यात विरघळवून, तिचा एकही बंध न तोडता, काही मिनिटांत होऊ शकते. रेणूतल्या एका हायड्रोजनला हळूच हलवावयाचे आणि त्याचे स्पंदन कोणाकोणापर्यंत पोहोचते ते ऐकावयाचे, असे त्या पद्धतीचे स्वरूप आहे. ही पद्धत एका दिवसात जन्मलेली नाही. तिच्यामागे सुमारे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या एका महत्त्वाच्या पानावर एका भारतीयाचेही नाव आहे.

हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एक प्रोटॉन. तो स्वतःभोवती फिरणाऱ्या भोवऱ्यासारखा वागतो आणि एखाद्या सूक्ष्म लोहचुंबकासारखाही वागतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवला की कलंडलेल्या भोवऱ्याप्रमाणे त्याचा अक्ष एका ठरावीक वेगाने क्षेत्राभोवती घिरट्या घालू लागतो. क्षेत्र जितके प्रबळ तितका हा वेग अधिक. एक टेस्ला क्षेत्रात प्रोटॉन सेकंदाला सुमारे 4 कोटी 26 लक्ष घिरट्या घालतो. नेमक्या याच कंप्रतेचे रेडिओतरंग त्याच्यावर सोडले तर तो त्यांतील ऊर्जा ग्रहण करतो. या घटनेला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. रुग्णालयांत शरीराच्या अंतर्भागाची चित्रे घेणारे जे यंत्र एमआरआय या नावाने सर्वतोमुखी झाले आहे, ते याच तत्त्वावर चालते.

ही घटना पदार्थात पाहण्याचा पहिला प्रयत्न हॉलंडमधील कॉर्नेलिस गोर्टर यांनी 1936 मध्ये केला. त्यांना यश आले नाही. 1942 मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोही फसला. मधल्या काळात, 1937 मध्ये, ते न्यूयॉर्कला इझिडॉर राबी यांच्या प्रयोगशाळेत जाऊन आले होते. त्यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर राबी यांनी निर्वात नळीतून धावणाऱ्या रेणूंच्या झोतावर हा प्रयोग केला आणि 1938 मध्ये तो यशस्वी केला. ज्याला कल्पना सुचली त्याच्या हाती अपयश आणि ज्याने ती ऐकली त्याच्या पदरी यश, असे विज्ञानात क्वचित घडते खरे. पुढे महायुद्ध आले. रडारच्या निमित्ताने रेडिओतरंग निर्माण करण्याची व अतिशय क्षीण तरंग टिपण्याची विद्या युद्धकाळात झपाट्याने वाढली. युद्ध संपताच, 1945 च्या डिसेंबरात, एडवर्ड पर्सेल, हेन्री टॉरी आणि रॉबर्ट पाउंड यांनी हार्वर्ड येथे साध्या मेणातील प्रोटॉनांचे अनुस्पंदन टिपले. पाठोपाठ 1946 च्या आरंभी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात फेलिक्स ब्लॉख, विल्यम हॅन्सन व मार्टिन पॅकर्ड यांनी पाण्यातील प्रोटॉनांचा संकेत पकडला. पर्सेल आणि ब्लॉख यांना 1952 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

येथवर हा सारा भौतिकीचा विषय होता. अणुकेंद्रांचे चुंबकत्व अचूक मोजावयाचे एवढेच या मंडळींचे उद्दिष्ट. प्रत्येक प्रकारच्या अणुकेंद्राला एकच एक कंप्रता असणार, असे त्यांनी गृहीत धरले होते. 1950 मध्ये स्टॅनफर्ड येथेच वॉरन प्रॉक्टर व फू चुन यू या दोघांनी नायट्रोजनच्या केंद्राचे मापन करण्यासाठी अमोनियम नायट्रेट हा क्षार निवडला. त्यात नायट्रोजन भरपूर, म्हणून संकेत स्पष्ट मिळेल हा हिशेब. संकेत मिळाला खरा, पण एकाऐवजी दोन मिळाले. अमोनियममधील नायट्रोजन एका कंप्रतेला बोलत होता आणि नायट्रेटमधील दुसऱ्या. अणुकेंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन बाहेरील क्षेत्रापासून त्याला किंचित झाकून धरतात, आणि हे झाकण रासायनिक परिस्थितीनुसार कमीअधिक असते, हे त्याचे कारण. भौतिकीज्ञांच्या दृष्टीने ही एक कटकटच होती. शुद्ध मापनात रसायनशास्त्राने नाक खुपसल्यासारखे झाले. या कटकटीला पुढे ‘रासायनिक च्युती’ असे भारदस्त नाव मिळाले आणि रसायनज्ञांना ती पर्वणी ठरली.

ती पर्वणी का, हे दाखवून देणारा प्रयोग 1951 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते तिघे होते: जेम्स अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकर्ड. त्यांनी घेतलेला पदार्थ होता साधा मद्यार्क, म्हणजे एथिल अल्कोहोल. त्याच्या रेणूत सहा हायड्रोजन असतात: तीन मेथिल गटात, दोन मेथिलिन गटात आणि एक ऑक्सिजनवर. चुंबकाचे क्षेत्र पुरेसे एकसारखे करून या तिघांनी वर्णपट घेतला, तेव्हा कागदावर तीन शिखरे उमटली आणि त्यांची क्षेत्रफळे एकास दोनास तीन या प्रमाणात भरली. रेणूतले हायड्रोजन कोणत्या गटांत किती आहेत हे रेणूने जणू स्वतःच मोजून सांगितले. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही तीन शिखरे आजही छापली जातात. धर्मट्टी पुढे मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचा अभ्यासगट उभा केला. त्याच 1951 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातील अनुस्पंदनावरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. ज्या शास्त्राचे वय पाच वर्षांचे होते, त्यात भारतीय नावे पहिल्या पंक्तीत होती, याचा विसर पडता कामा नये.

पण निसर्गाने आणखी एक गोष्ट राखून ठेवली होती. चुंबक सुधारत गेले, 1954 पासून नमुन्याची नळी क्षेत्रात गरगर फिरवून क्षेत्रातील उरलीसुरली विषमता पुसून टाकण्याची युक्तीही रूढ झाली. आणि मद्यार्काची ती शिखरे अखंड नाहीत असे दिसून आले. मेथिलचे शिखर तीन रेषांत फुटले होते व मेथिलिनचे चार रेषांत. अशी फूट काही पदार्थांत 1951 च्या सुमारासच दिसली होती. हर्बर्ट गुटोव्स्की, डेव्हिड मॅकॉल व चार्ल्स स्लिक्टर या इलिनॉय विद्यापीठातील तिघांनी, तसेच स्टॅनफर्डच्या अर्विन हान व डोनाल्ड मॅक्सवेल यांनी स्वतंत्रपणे तिचा छडा लावला. या फुटीचे वैशिष्ट्य असे की चुंबकीय क्षेत्र वाढवले तर शिखरांमधील अंतर वाढे, पण शिखरातील रेषांचे परस्परांतील अंतर मात्र जसेच्या तसे राही. अर्थात ती बाहेरील क्षेत्रामुळे झालेली नव्हती. तिचे मूळ रेणूच्या आतच होते. एका प्रोटॉनला शेजारच्या प्रोटॉनचे तोंड वर आहे की खाली, हे मधल्या बंधांतील इलेक्ट्रॉनांमार्फत कळते, असा उलगडा नॉर्मन रॅम्झी व पर्सेल यांनी 1952 मध्ये केला. शेजारी दोन असले तर दोन्ही वर, एक वर एक खाली, आणि दोन्ही खाली, अशा तीन अवस्था संभवतात. मधली अवस्था दोन प्रकारे घडते. म्हणून एकास दोनास एक अशा तीन रेषा. शेजारी तीन असले तर एक, तीन, तीन, एक अशा चार रेषा. मेथिलला मेथिलिनच्या दोघांचा शेजार, मेथिलिनला मेथिलच्या तिघांचा. हिशेब तंतोतंत जुळला.

या परस्परसंबंधाला युग्मन म्हणतात. ते बहुधा तीन बंधांपलीकडे फारसे जाणवत नाही. म्हणूनच त्याची किंमत मोठी. च्युतीवरून हायड्रोजन कोणत्या वस्तीत राहतो ते कळते. युग्मनावरून त्याच्या भिंतीला भिंत लागून कोण राहतो ते कळते. आणि एवढ्यावरच हे थांबत नाही. 1958 मध्ये कॅनडातील रेमंड लेम्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्करांच्या ॲसिटेटांवर काम करताना असे दाखवले की शेजारच्या दोन कार्बनांवरील हायड्रोजन एकमेकांच्या नेमके उलट दिशांना उभे असतील तर युग्मन मोठे असते, तिरपे असतील तर लहान. पुढच्याच वर्षी मार्टिन कारप्लस यांनी या कोनाचे व युग्मनाचे नाते गणिताने सिद्ध केले. फिशरने वर्षानुवर्षांच्या तर्काने जी दिशा शोधली, ती आता रेषांमधील अंतर मोजून वाचता येण्याजोगी झाली होती.

वाचता येण्याजोगी झाली, परंतु वाचता येई मात्र क्वचितच. मद्यार्कात तीन गट होते म्हणून सर्व सोपे गेले. दुग्धशर्करा घेतली तर काय होते? जड पाण्यात ती विरघळवली की ऑक्सिजनवरील हायड्रोजनांची जागा जड हायड्रोजन घेतो व ते दिसेनासे होतात. कार्बनवरील हायड्रोजन दर शर्करेत सात. त्यातही ग्लुकोजचा घटक द्रावणात आल्फा व बीटा अशा दोन रूपांत नांदतो. म्हणजे एकवीसच्या आसपास निरनिराळे संकेत, आणि त्यांतला प्रत्येक शेजाऱ्यांमुळे अनेक रेषांत फुटलेला. त्यांपैकी केवळ तीन संकेत, तीन घटकांच्या पहिल्या कार्बनांवरचे, बाजूला सुटे उभे राहतात. उरलेले सारे एका चिंचोळ्या पट्ट्यात एकमेकांवर चढून बसतात. यात्रेच्या गर्दीत प्रत्येकजण आपल्या नातलगाला हाक मारतो आहे आणि ऐकणाऱ्याला नुसता कोलाहल ऐकू येतो आहे, तशी स्थिती. माहिती सगळी तेथेच आहे; पण कोणाची हाक कोणाला, हे समजत नाही.

या कोलाहलात एकालाच बाजूला घेऊन विचारण्याची पहिली युक्ती म्हणजे दुहेरी अनुस्पंदन. ब्लॉख यांनी ती 1954 मध्ये सुचवली आणि 1955 मध्ये अर्नोल्ड ब्लूम व जेम्स शूलरी यांनी तिचे सविस्तर विवेचन केले. एका रेडिओतरंगाने वर्णपट वाचत असता दुसरा तरंग निवडक अणुकेंद्राच्या कंप्रतेवर रोखून धरावयाचा. त्यामुळे ते केंद्र इतक्या झपाट्याने वरखाली उलटत राहते की शेजाऱ्याला त्याची दिशा कळेनाशी होते. शेजाऱ्याच्या फुटलेल्या रेषा मिटून एक होतात. ज्याच्या रेषा मिटल्या तो शेजारी, असा साधा निवाडा. 1962 मध्ये वेस्टन अँडरसन व रे फ्रीमन यांनी याच विचाराला अधिक सूक्ष्म रूप दिले. त्यांनी दुसरा तरंग इतका मंद ठेवला की एखाद्याच रेषेला गुदगुली व्हावी आणि तिच्याशी संबंध असलेल्या रेषाच तेवढ्या थरथराव्यात. साठीच्या दशकातील रसायनज्ञ यंत्रासमोर बसून, चकती फिरवीत, एकेका हायड्रोजनची अशी उलटतपासणी घेत असत. तथापि गर्दीत एकावर रोखलेला तरंग त्याच्या लगतच्यांनाही लागे; आणि एका तपासणीत एकाच शेजाराचा पत्ता मिळे.

मग शास्त्राने वळण घेतले. स्वित्झर्लंडचे रिचर्ड अर्न्स्ट त्या वेळी कॅलिफोर्नियातील व्हेरियन कंपनीत होते. 1964 मध्ये त्यांनी अँडरसन यांच्यासह निराळाच मार्ग चोखाळला. जलतरंगाच्या पेल्यांवर एकेक करून काडी फिरवण्याऐवजी सगळे पेले एकदम वाजवावेत आणि त्या मिश्र नादातून प्रत्येकाचा सूर गणिताने वेगळा काढावा, असा तो मार्ग. रेडिओतरंगाचा अतिशय अल्पकालीन स्पंद दिला की सर्व प्रोटॉन एकदम जागे होतात, आणि त्यांच्या विरत जाणाऱ्या नादाचे फूरिए यांच्या गणितपद्धतीने पृथक्करण केले की वर्णपट हाती येतो. जे काम मिनिटांचे होते ते सेकंदांवर आले. या शोधाचा निबंध एका नियतकालिकाने दोनदा परत पाठवला. अखेर 1966 मध्ये तो दुसरीकडे छापला गेला. 1971 मध्ये बेल्जियमच्या ज्याँ येनेर यांनी युगोस्लाव्हियातील एका ग्रीष्मवर्गात याच्याही पुढची कल्पना मांडली: दोन स्पंद द्यावेत, त्यांच्यातील कालावधी पायरीपायरीने बदलत जावा आणि वर्णपट एका रेषेवर न काढता नकाशासारखा दोन मितींत पसरावा. ती अर्न्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 पर्यंत पूर्णत्वास नेली. या नकाशात ज्या दोन प्रोटॉनांचे युग्मन असेल त्यांच्या कंप्रता जेथे एकमेकींस छेदतात तेथे ठिपका उमटतो. साऱ्या वस्तीची वंशावळ एका कागदावर! या मार्गाने पुढे प्रथिनांसारख्या महाकाय रेणूंची रचनाही उलगडली. अंतराळातून जवळ असणाऱ्या, पण बंधांनी न जोडलेल्या प्रोटॉनांचे नाते नकाशावर आणण्याचे जे काम 1980 मध्ये झाले, त्यात अर्न्स्ट व कुर्ट व्यूथ्रिख यांच्यासमवेत बंगळूरच्या अनिल कुमार यांचा प्रमुख वाटा होता. अर्न्स्ट यांना 1991 मध्ये व व्यूथ्रिख यांना 2002 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. याच ऐंशीच्या दशकात, धर्मट्टी यांनी जेथे पाया घातला त्या मुंबईच्या संस्थेत, उच्च क्षेत्राच्या अनुस्पंदनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले.

आता एकेकाला वेगळे विचारण्याची गरजच काय उरली, असे त्या काळी कोणालाही वाटले असते. पण नकाशाला त्याची किंमत द्यावी लागते. तो काढावयास शेकडो वर्णपट घ्यावे लागत. त्यात तास जात. शिवाय नकाशाची दुसरी मिती भरड राही. शेजारी कोण हे त्यावरून कळे, परंतु युग्मनाचे नेमके माप, म्हणजेच ती दिशा सांगणारा आकडा, त्या ठिपक्यांत हरवून जाई. ज्याला एकाच घराचा पत्ता हवा आहे त्याने साऱ्या शहराची मोजणी का करावी? या प्रश्नाने संशोधकांना पुन्हा एका मितीकडे वळवले. मात्र आता त्यांच्या हाती साठीच्या दशकातील फिरती चकती नव्हती, स्पंदांचे शास्त्र होते.

स्पंद अल्प असेल तर तो सर्वांना जागे करतो, दीर्घ असेल तर थोड्यांनाच. हा त्या शास्त्राचा मूळ नियम. सेकंदाच्या लक्षांशाएवढा स्पंद अवघ्या वर्णपटाला पुरतो. सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा लांबवला तर तो वीसेक हर्ट्झच्या पट्ट्यापुरताच उरतो. त्या काळच्या यंत्रांना असा मृदू व दीर्घ स्पंद देणे जमत नसे. ऑक्सफर्ड येथे जेफ्री बोडेनहाउझेन, रे फ्रीमन व गॅरेथ मॉरिस यांनी 1976 मध्ये यावर तोड काढली. झोपाळ्याला एकच जोराचा धक्का देण्याऐवजी त्याच्या लयीत लहान लहान धक्के दिले तर तो उंच जातो. ज्याची लय वेगळी त्या शेजारच्या झोपाळ्याला तेच धक्के कधी पुढे ढकलतात, कधी अडवतात आणि तो जागच्या जागी राहतो. त्यांनी लहान स्पंदांची अशी माळच ओवली. दोन स्पंदांमध्ये ज्या प्रोटॉनाची फेरी पूर्ण होईल तोच जागा होणार. फेऱ्या घालणाऱ्या या प्रोटॉनांवरून डान्टेच्या महाकाव्यातील शुद्धिलोकात चकरा मारणारे आत्मे आठवावेत म्हणून या पद्धतीला ‘डान्टे’ हेच नाव देण्यात आले. 1984 मध्ये फ्रीमन यांच्याच गटाने हळूच चढणारा व हळूच उतरणारा घंटाकार स्पंद प्रचारात आणला. एकदम सुरू होऊन एकदम बंद पडणारा स्पंद आजूबाजूला लाटा उठवतो. घंटाकार स्पंद तसे करीत नाही.

एकाला जागे करण्याची विद्या अशी साधली. त्याचे स्पंदन शेजाऱ्यांकडे नेण्याची विद्या दोन मितींच्या नकाशाने आधीच दिली होती. दोहोंचा संगम व्हावयाचा तेवढा उरला होता. 1985 मध्ये अमेरिकेत डोनाल्ड डेव्हिस व आद बाक्स यांनी, आणि 1986 मध्ये जर्मनीत हॉर्स्ट केसलर व त्यांचे सहकारी हार्टमुट ओश्किनाट, क्रिस्टियान ग्रीझिंगर आणि वोल्फगांग बेर्मेल यांनी तो घडवून आणला. नकाशातील पहिल्या सर्वव्यापी स्पंदाच्या जागी त्यांनी निवडक स्पंद ठेवला. त्यामुळे नकाशातील हवी ती एकच ओळ, सूक्ष्म तपशिलासह, स्वतंत्र वर्णपट म्हणून मिळू लागली.

यांतील सर्वांत फलदायी प्रकार असा. निवडलेल्या प्रोटॉनाला जागे केल्यावर रेडिओतरंगांच्या एका दीर्घ मालिकेने सर्व प्रोटॉनांना काही काळ एकाच तालात बांधून ठेवावयाचे. त्या अवधीत त्यांच्या च्युतींमधील भेद जणू लोप पावतो आणि केवळ युग्मन उरते. मग पहिल्याचे स्पंदन दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, असे हातोहात पुढे जाते. अवधी वीसेक मिलिसेकंदांचा ठेवला तर ते लगतच्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचते. शंभराच्या घरात नेला तर साखळीच्या टोकापर्यंत. पण ज्या दोघांमध्ये युग्मन नाही तेथे साखळी तुटते. एका शर्करेतून दुसरीत हे स्पंदन जात नाही, कारण मध्ये ऑक्सिजनचा पूल आहे आणि त्यावर हायड्रोजन नाही.

दुग्धशर्करेच्या द्रावणाला आता पुन्हा प्रश्न विचारावा. बाजूला सुट्या उभ्या असलेल्या तीन संकेतांपैकी बीटा ग्लुकोजचा पहिला हायड्रोजन निवडला की कोलाहल विरतो आणि केवळ त्याच घटकाचे हायड्रोजन, पहिल्यापासून सहाव्या कार्बनापर्यंतचे, स्वच्छ उमटतात. याचे कारण असे की ग्लुकोजच्या वलयात शेजारशेजारचे हायड्रोजन एकमेकांच्या उलट दिशांना उभे आहेत. त्यांची युग्मने आठ ते दहा हर्ट्झची, भक्कम. मग गॅलॅक्टोजचा पहिला हायड्रोजन निवडावा. स्पंदन दुसऱ्याकडे जाते, तिसऱ्याकडे जाते, चौथ्यापर्यंत पोहोचते आणि तेथे अडखळते. पाचव्याचा संकेत जवळजवळ येतच नाही. चौथ्या कार्बनवरील हायड्रोजन उलट दिशेस वळलेला आहे; तिसऱ्याशी त्याचे युग्मन साडेतीन हर्ट्झच्या आसपास आहे, तर पाचव्याशी जेमतेम एक हर्ट्झ. ज्या दिशेच्या फरकाने एका अर्भकाला दूध वर्ज्य होते, तोच हा फरक. निरोप जेथे थांबला तेथे तो उघड झाला. या पद्धतीत मिळालेले उत्तर जितके बोलके, तितकेच न मिळालेले उत्तरही.

यापुढची वाटचाल प्रामुख्याने शुद्धतेची आहे. सुरुवातीच्या प्रयोगांत न निवडलेल्या संकेतांचे अवशेष एका वर्णपटातून दुसरा वजा करून घालवावे लागत. यंत्र जरासे ढळले की वजाबाकी बिघडे. नव्वदीच्या दशकात केंब्रिजचे जेम्स कीलर व कॅलिफोर्नियातील ए. जे. शाका यांच्या गटांनी क्षेत्रातील नियंत्रित चढउतारांचा उपयोग करून ही अडचण दूर केली. शर्यतीच्या मैदानावर सगळे धावपटू पांगले असता केवळ एकाच चमूला माघारी फिरण्याची आज्ञा ऐकू यावी, तो चमू आरंभरेषेवर एकत्र परतावा आणि बाकीचे कायमचे विखुरले जावेत, असे ते तंत्र. 1995 पर्यंत ते सिद्ध झाले. 2003 मध्ये कीलर व मायकेल थ्रिपल्टन यांनी रेषांचा आकार वेडावाकडा करणारा आणखी एक दोष काढून टाकला. गॅरेथ मॉरिस ऑक्सफर्ड सोडून मँचेस्टरला गेले होते. तेथील गटाने 2021 मध्ये एकमेकांवर चढलेल्या संकेतांतूनही हवा तोच एक उचलण्याची रीत प्रसिद्ध केली. डान्टेच्या माळेपासून तिथपर्यंतचे अंतर पंचेचाळीस वर्षांचे, पण प्रश्न तोच होता.

या इतिहासात दोन प्रवृत्ती आलटून पालटून पुढे आलेल्या दिसतात. एक सर्वांना एकदम पाहू इच्छिते. दुसरी एकालाच विचारू इच्छिते. पहिलीला मोठे यश व मोठा मान मिळाला. दुसरी तिच्या सावलीत वाढली, पण पहिलीने मिळवलेले धन तिने व्यर्थ जाऊ दिले नाही. वनस्पतीतून काढलेले नवे द्रव्य असो, औषधाच्या कारखान्यातील नमुना असो, रसायनज्ञाला बहुधा एकच गोष्ट जाणून घ्यावयाची असते: हा हात वर आहे की खाली. त्याच्यापाशी द्रव्य थोडे असते आणि वेळही थोडा. अशा वेळी ही लहानशी, एकाच प्रश्नाची पद्धत त्याच्या कामी येते.

आणि या साऱ्याचा उगम ज्या शिखरांच्या फुटीत आहे, ती फूट व ती च्युती भौतिकीज्ञांना एकेकाळी मापनातील व्यत्यय वाटली होती, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 1951 साली तिघांनी मद्यार्काची तीन शिखरे कागदावर उमटवली तेव्हा त्या व्यत्ययाचे भाषेत रूपांतर झाले. त्या तिघांपैकी एकाने ती भाषा मुंबईस आणली. तेव्हापासून रेणू बोलतो आहे. त्याला विचारावे कसे, एवढेच काय ते माणूस शिकत आला आहे.